‘मूड’ तपासणारे ८४ चाचण्यांचे पॅकेज: घरपोच रक्ततपासणीचा अभिप्राय

गेल्या फेब्रुवारीत मी एका घरपोच रक्ततपासणी कंपनीचे ‘मूड आणि हॉर्मोन्स’ असे नाव असलेले पॅकेज घेतले. छापील किंमत ५,९९९ रुपये होती आणि सवलतीनंतर ते २,४९९ रुपयांना पडले. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीपेक्षा अशा पॅकेजांच्या मागे जो विचार असतो त्याविषयी आहे. माझे वय ४६ असून मी नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. अभिप्रायात आकडेमोड जरा जास्त आली, तर तो पेशाचा दोष समजावा.

पॅकेज घेण्याची वेळ का आली ते आधी सांगायला हवे. दिवाळीपासून माझ्या मनाचा ठावठिकाणा लागेनासा झाला होता. सकाळी वर्गावर हसतखेळत शिकवावे आणि दुपारी एखाद्या मुलाने वही विसरल्याचे सांगताच डोळ्यांत पाणी यावे, घरी येऊन भाजीत मीठ कमी आहे एवढ्यावरून आवाज चढावा आणि तासाभराने आपलीच लाज वाटावी, असे महिन्यातले दहाबारा दिवस जात होते. संक्रांतीला घरी आलेल्या भाच्याने मोबाइलवर कसलीशी प्रश्नावली भरून घेतली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितले, “मामी, हे बायपोलर असू शकतं,” म्हणजे अतिउत्साह आणि खोल उदासी यांचे आलटून पालटून झटके येणारा मनाचा आजार. त्या रात्री मला झोप लागली नाही, अर्थात तशी ती इतर रात्रीही लागत नव्हती. दुसऱ्याच दिवशी या पॅकेजची जाहिरात समोर आली. ‘मूड वारंवार बदलतो? कारण तुमच्या रक्तात असू शकते,’ असे तिच्यात म्हटले होते. हे वाक्य खोटे नाही. अर्धवट मात्र आहे.

सेवेचा जो भाग माणसांच्या हातात आहे तो उत्तम आहे, हे आधीच नोंदवते. नमुना घ्यायला येणारा मुलगा सकाळी पावणेसातला, म्हणजे दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी, दारात हजर होता. मी अनशापोटी आहे ना हे त्याने विचारून घेतले, सुई माझ्यासमोर पाकिटातून काढली, “ताई, मूठ जरा घट्ट धरा,” म्हणत एकाच टोचणीत पिवळ्या, जांभळ्या आणि करड्या टोपणाच्या तिन्ही नळ्या भरल्या आणि प्रत्येक नळीवर माझे नाव लिहून ते मला वाचून दाखवले. हातावर निळा डागसुद्धा उमटला नाही. अहवाल त्याच संध्याकाळी सातला व्हॉट्सअॅपवर आला. यापेक्षा जास्त तत्परतेची अपेक्षा कोणी करू नये.

अहवाल एकोणीस पानांचा होता, आणि तो उघडल्यावर पहिला प्रश्न पडला की ८४ चाचण्या नेमक्या कोणत्या. मोजून पाहिले तेव्हा उलगडा झाला. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी ही यंत्रावर एकदाच होते, पण तिच्यातला प्रत्येक आकडा इथे स्वतंत्र चाचणी म्हणून धरलेला आहे. कोलेस्टेरॉलच्या पानावर तर एका आकड्याला दुसऱ्याने भागून आलेले गुणोत्तरही चाचणी म्हणून मोजलेले आहे. भागाकाराला चाचणी म्हणायचे ठरवले, तर आमच्या सहावीच्या वर्गात रोज काही शे चाचण्या होतात. कंपनी यात खोटे काही बोलत नाही, पण ८४ या आकड्याला भुलून कोणी पॅकेज घेऊ नये.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. अहवालातल्या पुष्कळ चाचण्यांची ‘सामान्य मर्यादा’ ही निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के ज्या पट्ट्यात येतात त्यावरून ठरवलेली असते. याचा सरळ अर्थ असा की पूर्ण निरोगी माणसाचाही दर वीस आकड्यांमागे एखादा आकडा मर्यादेबाहेर जाणे अपेक्षित आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर किमान एक लाल शेरा येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. अहवालातल्या सगळ्या चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात आणि कोलेस्टेरॉलसारख्यांच्या मर्यादा वेगळ्या पद्धतीने ठरतात, त्यामुळे हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही, पण दिशा तीच राहते. पॅकेज जितके मोठे, तितके लाल शेरे अधिक. माझ्या अहवालात असे पाच शेरे होते आणि त्यांतल्या एकाने पुढचे तीन आठवडे खाल्ले.

तो शेरा टीएसएचचा, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या हॉर्मोनचा, होता. साधारण ०.४ ते ४ या दरम्यान असायला हवा तो आकडा माझा ०.०८ आला होता, आणि टी-४, म्हणजे ग्रंथीतून येणारे हॉर्मोन, वरच्या मर्यादेच्या थोडे पुढे गेले होते. दुसऱ्या दिवशी कंपनीकडून एका समुपदेशक बाईंचा फोन आला. तुमचे थायरॉइड जास्त काम करते आहे, चिडचिड आणि निद्रानाश त्यामुळेच आहे, आता आमचे सविस्तर थायरॉइड पॅकेज करून घ्या, असे त्यांनी सांगितले. ऐकायला ते अगदी पटण्यासारखे होते, कारण थायरॉइडची ग्रंथी अतिरिक्त काम करू लागली की माणूस खरोखरच अस्वस्थ, चिडखोर आणि रडवा होतो, छाती धडधडते, हात थरथरतात आणि झोप उडते. ग्रंथी मंदावली तर याच्या उलट उदासी आणि सुस्ती येते. मनःस्थितीच्या तक्रारीत डॉक्टर थायरॉइड तपासतात ते याचसाठी. बायपोलरचे निदान झालेल्यांनाही लिथियम हे त्यावरचे औषध सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने ही तपासणी करावीच लागते, कारण लिथियममुळे ग्रंथी मंदावू शकते. या चाचणीचा पॅकेजमध्ये समावेश आहे हे म्हणूनच योग्य आहे.

आमच्या फॅमिली डॉक्टरीणबाईंनी मात्र अहवाल बाजूला ठेवून आधी माझी नाडी पाहिली, हात पुढे करायला लावून बोटे थरथरतात का ते पाहिले, वजन केले आणि मग विचारले, “बाई, गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत?” मी म्हटले, एकही नाही. “केसांसाठी, त्वचेसाठी, ताकदीसाठी काही?” केसांसाठी दोन महिन्यांपासून बायोटिनची गोळी घेत होते, १०,००० मायक्रोग्रॅमची. प्रौढ माणसाची बायोटिनची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. अनेक प्रयोगशाळांतली यंत्रे हॉर्मोन मोजताना बायोटिनच्याच चिकटण्याच्या गुणाचा वापर करतात, त्यामुळे रक्तात ते फार असेल तर यंत्र फसते. टीएसएच खोटे कमी दिसते आणि टी-३, टी-४ खोटे जास्त, म्हणजे कागदावर थेट थायरॉइड वाढल्याचे चित्र उभे राहते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे, आणि तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी असे थायरॉइडचे तज्ज्ञ सांगतात. मी आठवडाभर बंद ठेवली आणि शहरातल्या एका साध्या प्रयोगशाळेत पुन्हा रक्त दिले. टीएसएच २.१ आला.

या प्रसंगात दोष यंत्राचा मानता येईल, पण माझ्या मते तो फॉर्मचा आहे. नोंदणी करताना कंपनीने माझा पत्ता, ई-मेल, जन्मतारीख आणि ‘मित्राला सुचवा’ यासाठी दोन मैत्रिणींचे क्रमांक विचारले, पण कोणत्या गोळ्या चालू आहेत हा एक रकाना कुठेही नव्हता. मनःस्थिती तपासण्याचा दावा करणाऱ्या पॅकेजमध्ये तो पहिला असायला हवा होता, कारण मनाच्या पुष्कळ चढउतारांचे मूळ औषधांच्या डब्यातच असते. माझ्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी दम्यासाठी काही दिवस तोंडावाटे स्टेरॉइड दिले होते, तेव्हा त्या पहाटे तीनला उठून डबे घासत बसत, अखंड बोलत आणि मध्येच रडू लागत. घरातल्यांनी कोण काय बोलले याचा शोध घेतला, गोळीकडे कोणी पाहिले नाही. डॉक्टरांना कळवल्यावर त्यांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली (स्टेरॉइड आपल्या मनाने अचानक बंद करणे धोक्याचे असते) आणि त्या पूर्ववत झाल्या. दम्यासाठी आणि ॲलर्जीसाठी सर्रास दिले जाणारे मॉन्टेलुकास्ट, फिट्सवरचे लेव्हेटिरासिटाम, काही गर्भनिरोधक गोळ्या यांचाही काहींच्या मनावर परिणाम होतो. मॉन्टेलुकास्टच्या माहितीपत्रकावर तर २०२० पासून अमेरिकेत सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापला जातो.

फॉर्ममध्ये ‘धूम्रपान करता का’ आणि ‘मद्यपान करता का’ असे दोन प्रश्न होते. मशेरीचा नव्हता. ज्यांनी हा फॉर्म बनवला त्यांच्या घरात मशेरी भाजल्याचा वास कधी दरवळला नसावा. सकाळी मशेरी लावल्यावर बरे वाटणे, दोनतीन तासांनी कासावीस होऊन कोणावर तरी खेकसणे आणि पुन्हा चिमूटभर लावल्यावर शांत होणे, हे चक्र निकोटिनचे आहे. आमच्या कितीतरी मावश्या आणि काकू त्यात आयुष्यभर फिरल्या आणि तोंडाळ म्हणून ओळखल्या गेल्या.

आता उरलेल्या चाचण्यांकडे वळते. बी-१२ चा समावेश चांगला आहे. त्याच्या कमतरतेने चिडचिड, विसराळूपणा आणि उदासी येऊ शकते, आणि शुद्ध शाकाहारी माणसांत तसेच मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती वारंवार सापडते. हिमोग्लोबिन चांगले असले तरी बी-१२ कमी असू शकते, म्हणून ते वेगळे मोजलेले बरे. माझे ठीक निघाले. ड जीवनसत्त्व कमी निघाले, पण ते ज्याचे त्याचे कमी निघते आणि मनःस्थितीशी त्याचा संबंध फोनवर सांगितला गेला तितका सरळ नाही.

कॉर्टिसोलच्या आकड्याला अहवालात ‘ताणतणाव निर्देशांक’ असे भारदस्त नाव देऊन त्याखाली हिरव्यापासून लाल रंगापर्यंतचा काटा काढला आहे. हा निव्वळ देखावा आहे. कॉर्टिसोल सकाळी चढलेले आणि मध्यरात्री उतरलेले असते, त्यामुळे सकाळी सातच्या एका नमुन्यावरून माणसाच्या ताणाबद्दल काहीही सांगता येत नाही. कुशिंगसारख्या ज्या दुर्मिळ आजारात हे हॉर्मोन खरोखर बिघडते आणि मनही बिघडवते, त्याच्या निदानासाठी रात्रीची लाळ, २४ तासांची लघवी अशा निराळ्या तपासण्या कराव्या लागतात.

एफएसएच आणि इस्ट्रोजेन या पाळीशी संबंधित हॉर्मोनांचेही तेच. अहवालात दोन्हींपुढे ‘सामान्य’ असे हिरव्या अक्षरांत छापलेले होते, आणि समुपदेशक बाईंनी त्यावरून माझी पाळी जाण्याचा काळ अजून सुरू झालेला नाही असा निष्कर्षही काढून टाकला. पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत ही हॉर्मोने या महिन्यात एक तर पुढच्या महिन्यात दुसरेच काही दाखवतात. म्हणून पंचेचाळिशीनंतर या काळाचे निदान एफएसएचवर न करता वय, पाळीच्या तारखा आणि लक्षणे यांवरच करायचे असते. पाळीची शेवटची तारीख हाही प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६–४७ व्या वर्षाच्या आसपास जाते, म्हणजे मी त्या काळाच्या ऐन मध्यावर होते, आणि हे कळायला रक्ताचा थेंबही लागत नव्हता.

मधुमेहाची एचबीए१सी ही तपासणी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, आणि सरासरी हे चढउतार लपवण्याचे सर्वांत सोपे साधन आहे, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. माझ्या नणंदेची एचबीए१सी ६.८ होती आणि डॉक्टर खूश होते. पण चतुर्थीच्या दिवशी सकाळची ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी, गोळी घेऊन त्या उपास करत आणि अकराच्या सुमारास घाम फुटून, हात कापत, समोर येईल त्याच्यावर संतापत. एकदा भाच्याने, त्याच भाच्याने, त्या वेळी बोटातून साखर पाहिली तर ती ५८ होती. ७० च्या खाली गेली की साखर उतरली असे मानतात. पॅकेजमधल्या सरासरीत हे कधीच दिसले नसते.

या पॅकेजची मूळ अडचण मला इथे दिसते. मनःस्थितीतील चढउतार ही काळाबरोबर बदलणारी गोष्ट आहे, आणि ती पकडायला कंपनी एका सकाळचा एकच बिंदू घेते. एका बिंदूवरून आलेख काढता येत नाही.

आलेख शेवटी मला डॉक्टरीणबाईंनी काढायला लावला. चौकटीची वही घेऊन रोज रात्री मनाला उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत गुण, झोपेचे तास, चहाचे कप आणि पाळीची तारीख, एवढीच नोंद तीन महिने करायची होती. पाळीपूर्वीच्या आठवड्यात मन तीव्रपणे बिघडण्याचा जो विकार आहे, त्याच्या निदानासाठीही किमान दोन पाळ्यांची अशीच रोजची नोंद मागतात, आठवणीवर भागत नाही. माझ्या वहीत तीन गोष्टी उघड झाल्या. पाळ्यांमधले अंतर २४, ३७ आणि २२ दिवस होते, आणि लागोपाठच्या पाळ्यांत वारंवार सात किंवा अधिक दिवसांचा फरक पडू लागणे ही पाळी जाण्याच्या काळाची सुरुवात मानली जाते. वाईट दिवस बहुतेक वेळा सलग दोन रात्री मोडलेल्या झोपेनंतर येत होते. आणि त्या रात्री झोप मोडायला अंगातून निघणाऱ्या वाफांइतकेच पाय कारणीभूत होते, ते एका जागी ठेवताच येत नसत.

पायांचे ऐकताच डॉक्टरीणबाईंनी फेरिटिन करायला सांगितले. शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारी ही चाचणी ८४ मध्ये नव्हती. बाहेर ती ५५० रुपयांत झाली आणि आकडा ९ आला. प्रौढांमध्ये १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. हिमोग्लोबिन १२.१ असल्यामुळे कंपनीच्या अहवालात त्या पानावर सगळे हिरवे होते. मग साखळी जुळली. पाळी अनियमित झाली तेव्हापासून रक्तस्रावही वाढला होता, त्यात लोह गेले, लोह गेल्यामुळे रात्री पायांची चुळबुळ सुरू झाली, त्यामुळे झोप गेली, झोप गेल्यावर शाळेत सहा कप चहा वाढला, आणि जेवणाबरोबरचा चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. रक्तस्रावासाठी सोनोग्राफी झाली, तिच्यात काळजीचे काही निघाले नाही.

भाच्याचा शब्द डोक्यातून जात नव्हता म्हणून मी एका मनोविकारतज्ज्ञांनाही भेटले, आणि ते चाळीस मिनिटे या सगळ्या खर्चातली सर्वांत सार्थकी लागलेली होती. त्यांनी वही पाहिली आणि विचारले की कमी झोपूनही अंगात उत्साह संचारलेला, विचार धावणारे, पैसे उधळावेसे वाटणारे असे सलग दिवस कधी आले का. मी कमी झोपल्यावर फक्त मरगळलेली असते. त्यांनी समजावले की बायपोलरमधला सौम्य उन्मादही सलग किमान चार दिवस टिकतो आणि तीव्र उन्माद आठवडाभर किंवा जास्त. तासातासाला होणारे बदल पाहिले की ते आधी झोप, हॉर्मोन, औषधे, व्यसने, घोरण्यात श्वास अडकणे, लहानपणापासूनचे एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि उतावळेपणा), व्यक्तिमत्त्वाची घडण आणि घरातली परिस्थिती यांचा विचार करतात. या यादीतल्या शेवटच्या तीन गोष्टी कोणत्याही नळीत उतरत नाहीत. बायपोलरची रक्ततपासणी अस्तित्वात नाही, हेही त्यांनीच सांगितले, त्यामुळे जाहिरातीतून तसे सूचित होत असेल तर ते मनावर घेऊ नये.

सध्या लोहाची गोळी एक दिवसाआड लिंबूपाण्याबरोबर चालू आहे, चहा दोन कपांवर आला आहे आणि दुपारी चारनंतर बंद आहे. वाफांसाठी हॉर्मोनच्या उपचाराचा पर्याय डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवला आहे, त्याचा निर्णय मी अजून घेतलेला नाही. वहीतले उणे तीनच्या खालचे दिवस पहिल्या महिन्यात ११ होते, गेल्या महिन्यात ५.

गुण द्यायचे तर नमुना घेण्याच्या सेवेला पाचपैकी पाच, अहवालाच्या वेगाला पाच, पॅकेजच्या रचनेला दोन आणि फोनवरच्या सल्ल्याला शून्य. ज्यांना डॉक्टरांनी ठरावीक चाचण्या लिहून दिल्या आहेत आणि प्रयोगशाळेत जाणे जमत नाही, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी, पण पॅकेज न घेता सुट्या चाचण्या मागाव्यात, त्या यादीत खाली कुठेतरी दडलेल्या असतात. सीबीसी, टीएसएच, बी-१२ आणि फेरिटिन एवढे वेगळे केले असते तरी माझे पैसे वाचले असते. ज्यांच्या मनात जीव नकोसा होण्याचे विचार येत आहेत, त्यांनी कुठल्याही अहवालाची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

कंपनीकडून पॅकेजच्या नूतनीकरणाचे संदेश दर पंधरवड्याला येतात. पुढच्या महिन्यात फेरिटिन पुन्हा करायचे आहे, ते मी त्यांच्याकडूनच सुटे करून घेणार आहे, आणि रक्त घ्यायला तोच पावणेसातचा मुलगा पाठवावा अशी विनंती शेऱ्याच्या रकान्यात लिहिली आहे. चालू असलेल्या गोळ्यांची नावेही त्याच रकान्यात लिहिली, कारण दुसरी जागा नव्हती.